डाव्या खांद्याची गवसणी

हेर्त्सोगेनआउराख,
६ मार्च २००५

ती. कुसुमआत्या,

नमस्कार, आणि तो वाकून केलाय असं समज. इथल्या थंडीत कंबर वाकत नाही.

पत्र पाहून तुला वाटेल, पोरीला काहीतरी हवंय. हवंच आहे. मला बंदूक घ्यायची आहे.

घाबरू नकोस, वेदांग सुखरूप आहे. आमच्या खालच्या मजल्यावर फ्राउ डोर्न म्हणून एक बाई राहतात, पोस्टातून निवृत्त झालेल्या. मी जिना झाडत होते तेव्हा त्यांनी विचारलं, तुम्ही दिवसभर काय करता? म्हटलं, स्वयंपाक. आणि लग्नाआधी? माझ्या मोडक्या जर्मनमधून निघून गेलं, लग्नाआधी मी गोळ्या झाडायचे. बाई आधी दचकल्या, मग हसल्या, आणि शुक्रवारी मला थेट त्यांच्या फेराइनमध्ये घेऊन गेल्या. फेराइन म्हणजे मंडळ, हे नेमबाजांचं. एका खानावळीच्या तळघरात दहा मीटरची रेंज आहे. वर बिअर, खाली छर्रे. गावातला सुतार, दाताचा डॉक्टर, पंचाहत्तरीच्या आज्या, सगळे शिस्तीत उभे राहून एअर रायफल मारतात.

एनसीसी सुटल्यापासून पहिल्यांदा खांद्याला दस्ता लावला आणि मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? इथे येऊन तीन वर्षं झाली. दारावरच्या बेलवर वेदांगचं आडनाव आहे, पत्रं त्याच्या नावाने येतात, शाळेत मी अन्वीची आई. अन्वीशी मराठीत बोलावं तर ती जर्मनमध्ये उत्तर देते, म्हणजे घरातही मी अर्धीच. आता ऐक. ऑक्टोबरमध्ये सामने सुरू होतात आणि यांच्या शेवटच्या संघात एक जागा रिकामी आहे. संघाची यादी खानावळीच्या दारात लावतात. त्या यादीत मला माझं नाव हवं आहे.

मंडळाच्या बंदुका सरावापुरत्याच मिळतात, संघात जायचं तर स्वतःची हवी. वेदांग म्हणतो सहाशे युरो जमतील, सगळं धरून. नवी घ्यायची तर त्याच्या तिप्पट पडतात. आल्झो (हा शब्द इथे प्रत्येक वाक्याआधी लावायचा असतो), मला बंदूक धरायला तू शिकवलंस, तर आता घ्यायलाही शिकव.

तुझी,
क्षितिजा


मिरज,
२१ मार्च २००५

चि. क्षितिजा,

आशीर्वाद आहेतच, पण आधी पाठ सरळ कर. तू पत्र वाकून वाचतेस हे मला इथून दिसतंय.

बंदूक सगळ्यात शेवटी घ्यायची. आपण पान वाढताना आधी काय वाढतो? डावी बाजू. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. भात नंतर. तसंच इथे. आधी जॅकेट, मग सपाट तळाचे बूट, मग हातमोजा. जाड कॅनव्हासचं जॅकेट पाठीला धरून ठेवतं, म्हणून चाळिसावा छर्राही पहिल्यासारखा जातो. लोक काय करतात, सगळे पैसे बंदुकीत घालतात आणि स्वेटर घालून उभे राहतात. मग नेम हलला की बंदुकीला शिव्या.

बंदूक जुनी चालेल. लाकडावर ओरखडे असले तर उलट बरं, कुणीतरी ती वापरली आहे. चाप हलका आणि दरवेळी एकाच जागी सुटणारा हवा. दस्त्याची लांबी तुझ्या हाताला बसायला हवी. बाकी चकाकी बघायला तुला मुलगा बघायचा नाहीये.

इकडची खबर. शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्यात. निवृत्तीनंतरही मी शनिवारी मुलींना नेमबाजी शिकवते हे त्यांना खुपतं. म्हणाल्या, ‘बाई, आता विश्रांती घ्या. छान कार्यक्रम करू, शाल, नारळ.’ गोड बोलून मला नारळच द्यायचा आहे. मी म्हटलं, डिसेंबरच्या क्रीडादिनाला मुलींसमोर दहा छर्रे मारीन. दहाच्या दहा काळ्या गोलात गेले नाहीत तर नारळ मीच विकत घेऊन तुमच्या टेबलावर ठेवीन. तोवर त्या गप्प आहेत. क्षिती, ही रेंज गेली तर शनिवारी मी काय करू? भाजी निवडू?

कुसुमआत्या


हेर्त्सोगेनआउराख,
१७ एप्रिल २००५

ती. आत्या,

शेवटच्या बाकावरून केलेला नमस्कार पोचावा. एक गोष्ट सांगायची आहे आणि तू रागावणार आहेस.

माझे छर्रे सगळे विखुरतात. फ्राउ डोर्ननी चार शुक्रवार नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, दोन्ही हात लांब करा, पंजांमध्ये छोटीशी खिडकी ठेवा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा आणि घड्याळ न सोडता हात तोंडाकडे आणा. हात आपोआप ज्या डोळ्याशी येतात, तो आपला मालक डोळा. माझे हात डाव्या डोळ्याशी आले. पुन्हा केलं, पुन्हा डावा. ‘गेनाऊ,’ म्हणाल्या, म्हणजे बरोब्बर. ‘तुम्ही डावखुऱ्या आहात. उजव्या हाताने का मारता?’

आता त्यांना काय सांगू? मी लहानपणी डाव्या हाताने जेवायला लागले म्हणून आईने त्या हाताला रुमाल बांधून ठेवला होता, हे जर्मनमध्ये कसं सांगायचं? सांगितलं कसंबसं. सुतार, डॉक्टर, आज्या सगळे माझ्या डाव्या हाताकडे असं बघायला लागले की जणू तो नुकताच सुटून आलाय.

त्या म्हणतात, डावी बंदूक घ्या. दस्ता, चाप, सगळं उलट. जुन्या बाजारात डाव्या बंदुका क्वचित येतात आणि महाग असतात. काय करू?

क्षितिजा


मिरज,
२ मे २००५

चि. क्षितिजा,

रागावले नाही. (रागावले आहे.)

माझ्या हाताखालून इतक्या मुली गेल्या, दोन राज्य पातळीवर खेळल्या, एकीलाही डावी बंदूक लागली नाही. तू जिल्ह्यात तिसरी आली होतीस ती उजव्या खांद्यावरून, विसरलीस का? आता पोस्टातल्या बाई सांगणार की माझं शिकवणं उलटं होतं! डाव्या डोळ्यासमोर पुठ्ठ्याचा तुकडा लाव म्हणजे तो मध्ये लुडबुडणार नाही. पैसे वाचतील.

उन्हाळा फार आहे. जास्त लिहीत नाही.

ता. क. डाव्या डोळ्याने बघितल्यावर काळा गोल कसा दिसतो? कड स्वच्छ असते का? आणि डाव्या खांद्याला किती दिवसांत सवय होते म्हणतात त्या बाई? नुसतं विचारतेय.

आत्या


हेर्त्सोगेनआउराख,
१२ जून २००५

ती. आत्या,

रागावलेल्या आणि न रागावलेल्या, दोन्ही आत्यांना नमस्कार.

पुठ्ठा लावून महिनाभर इमानदारीने मारलं. छर्रे जवळ आले, पण अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागतं. मग एका शुक्रवारी, तुझी मनात माफी मागून, बंदूक डाव्या खांद्याला लावली.

तू परीक्षेसारखं विचारलंस म्हणून पेपर सोडवल्यासारखं लिहिते. पहिले काही दिवस छर्रा भरायचाच नाही. नुसती बंदूक उचलायची, गाल टेकवायचा, उतरवायची. गाल चुकीच्या जागी बसतो, मान आखडते. पाय उलटे ठेवायचे हे अंगाला कळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून मी भाजी फोडणीला टाकतानाही उलटी उभी राहते. बोट सगळ्यात शेवटी शिकतं. डावं बोट चापावर ठेवलं की मला अजून वाटतं, कुणीतरी ओरडेल, ‘उजव्या हाताने!’ प्रसाद डाव्या हाताने घेतल्यासारखं वाटतं. पण डाव्या डोळ्याने काळा गोल, आत्या, काय सांगू? कड अशी स्वच्छ, की नुकतीच कुणी पेन्सिलीने काढलीय. मी इतकी वर्षं पुसट बघत होते आणि मला वाटायचं सगळ्यांनाच तसं दिसतं.

आणि बंदूक मिळाली! हेर पॉप (हेर म्हणजे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे) म्हणून मंडळाचे जुने सभासद आहेत, डावखुरे. हात थरथरतात म्हणून त्यांनी खेळणं सोडलं. त्यांची दाबलेल्या हवेची बंदूक विकायची आहे. मागतात सहाशे. म्हणजे बंदूक येईल आणि जॅकेट, बूट, हातमोजा, अख्खी डावी बाजू राहील. तूच म्हणाली होतीस भात शेवटी.

एक विचारू? तू मुलींच्या रांगा फूटपट्टीने लावायचीस आणि हल्ली तुझ्या ओळी डोंगर चढायला लागल्यात. चष्मा बदल.

क्षितिजा


मिरज,
१ जुलै २००५

चि. क्षितिजा,

पुठ्ठ्याचं विसर. तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. गेल्या शनिवारी सगळ्या मुलींना ती हातांची खिडकी करायला लावली. चार जणी डाव्या निघाल्या. त्यातली एक म्हणते, ‘बाई, मला वाटलं मी ढ आहे.’ त्यानंतर मला चहा गेला नाही.

पॉप आजोबांची बंदूक घे. डावी बंदूक रोज दारात येत नाही. मात्र घेण्याआधी दोन गोष्टी. एक, ती टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवून वेगवेगळ्या डब्यांतले पाच पाच छर्रे मारून बघ. पाचही एका भोकात गेले तर बंदूक चांगली, मग सामन्यात भोकं पसरली तर दोष तुझा. दोन, हवेच्या नळकांड्यावर तारीख कोरलेली असते. ती जुनी होत आली असेल तर नवं घ्यावं लागेल, त्याचे पैसे कापून माग. जर्मन माणसं घासाघीस करत नाहीत असं ऐकते. तू मिरजेची आहेस, तू कर.

जॅकेटचं बघू. तुझं माप बदललंय का? लग्नात माझा ब्लाउज तुला टाका न घालता बसला होता. खरं सांग, लाजू नकोस.

आणि बंदूक डाव्या गालाला लावल्यावर चष्म्याची काडी आड येते का, तेही लिही. चष्मा बदलून झालाय, उपयोग नाही. उन्हाळ्याचा त्रास आहे.

आत्या


हेर्त्सोगेनआउराख,
३१ जुलै २००५

ती. आत्या,

डाव्या हाताने लिहायचा प्रयत्न केला होता, तुला वाचता आलं नसतं. म्हणून नमस्कार उजव्याच हाताने.

बंदूक घेतली! नळकांड्याची तारीख संपत आली होती. मी ती बोटाने दाखवली आणि नुसती हेर पॉपांकडे बघत राहिले, जशी तू मंडईत बघतेस. ते लाल झाले. म्हणाले, किंमत तीच, पण नवं नळकांडं मी देतो, आणि माझे बूटही घेऊन जा. त्यांचे बूट मला दोन मोजे घालून बसतात. देताना त्यांनी बंदूक एकदा खांद्याला लावली, हात थरथरायला लागले तशी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘डाव्याच माणसाकडे चालली, बरं झालं.’ वेदांग सोबत होता. घरी येताना म्हणाला, ‘मला वाटत होतं तुला हौस आहे.’ एवढंच म्हणाला, पण मला पुरलं.

जॅकेट मात्र नाही. डाव्यांचं जुनं जॅकेट कुणाकडे नाही, नवं घ्यायला पैसे नाहीत. वेदांगचा जाड कोट घालून मारते. वीस छर्ऱ्यांपर्यंत ठीक, पुढे पाठ सोडून देते आणि नेम घसरतो. ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी निवड आहे, चाळीस छर्रे. एका जागेसाठी मी आणि सुताराची सून.

माप तेच आहे. बरं, जवळजवळ तेच. चष्म्याची काडी आड येत नाही. तुला हे सगळं कशाला हवंय? पुस्तक लिहितेस का?

क्षितिजा

ऑगस्टभरात तुझं पत्र आलं नाही तर फोन करीन, खर्चाला घाबरणार नाही.


मिरज,
१२ सप्टेंबर २००५

चि. क्षितिजा,

तू फोन केलास तेव्हा मी ‘घसा बसलाय’ म्हणून लवकर ठेवला. घसा बरा होता.

सोबतचं पार्सल आधी उघड, मग पुढे वाच.

उघडलंस? ते तुझं जॅकेट. आपल्याकडे नेमबाजीचं जॅकेट कोण शिवणार? मी गेले तंबोऱ्यांच्या गल्लीत. तिथले शिकलगार मास्तर वाद्यांच्या गवसण्या शिवतात, कॅनव्हासच्या, दुहेरी शिलाईच्या. मी म्हटलं, ताठ हवं, वाकता कामा नये. ते म्हणाले, ‘बाई, तंबोरा केवढा आहे?’ म्हटलं, माझ्याएवढा. त्यांनी शांतपणे टेप काढला. माझ्याच अंगावर माप घेतलं. गवसणीत कापूस भरायची त्यांची सवय, तो मी भरू दिला नाही, तुमच्या सामन्यात जाडी मोजत असतील. डाव्या खांद्यावर आणि उजव्या कोपरावर ठिगळ आहे. लोक आकाशाला गवसणी घालतात, मी क्षितिजाला घातली.

आता उरलेलं. मास्तरांना मी दोन शिवायला सांगितली. एकाच कापडातून, दोन्ही डावी.

दुसरं माझं आहे. फेब्रुवारीपासून माझ्या उजव्या डोळ्याला मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं, पण जिथे बघावं तिथे बरोबर मध्ये काळा डाग. माणसाकडे बघितलं तर चेहरा नाही, नुसते कान. डॉक्टर म्हणतात पडद्याचा मधला भाग झिजलाय, चष्म्याने भागणार नाही. गंमत बघ, जन्मभर काळ्या गोलाकडे बघितलं, आता तो कुठेही बघितलं तरी दिसतो, फक्त लक्ष्यावरचा तेवढा दिसत नाही. डावा डोळा शाबूत आहे.

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर क्रीडादिनाची वाटही न बघता नारळ हातात आला असता. तुझी पहिली बंदूक तू मला विचारून घेत होतीस, आणि डावा खांदा मी तुला विचारून शिकत होते. भाजी फोडणीला टाकताना मीही उलटी उभी राहते. मला भीती वाटते, क्षिती. बासष्टाव्या वर्षी बोट शिकेल का माहीत नाही.

आत्या


हेर्त्सोगेनआउराख,
९ ऑक्टोबर २००५

आत्या,

आज नमस्कार नाही, मिठी.

पत्र वाचून मी जिन्यातच बसले. फ्राउ डोर्न बाहेर आल्या, त्यांना वाटलं कुणीतरी गेलं. मी सगळं सांगितलं, माझ्या जर्मनमध्ये, आणि त्यांना सगळं कळलं. फेब्रुवारीपासून, आत्या! आणि मी तुला चष्मा बदल म्हणत होते. मला माझाच राग येतोय, तुझा त्याहून जास्त. पुन्हा असं लपवलंस तर तुझ्या मुलींना पत्र लिहीन.

जॅकेटची जाडी मंडळात मापकाने मोजली, बसलं नियमात. सुतार शिलाई बघतच राहिला. शुक्रवारी मी ते घालून चाळीस छर्रे मारले. विसाव्यानंतर पाठ सोडून देईल म्हणून वाट बघत होते, पण तू मागून धरलं होतंस. यादी खानावळीच्या दारात लागली आहे. नाव जर्मन पद्धतीने लिहिलंय आणि चुकीचं लिहिलंय, पण माझं आहे. अन्वीने ते मोठ्यांदा वाचलं, मग चूक दाखवायला आत गेली आणि बाहेर येऊन मला मराठीत म्हणाली, ‘आई, ते दुरुस्त करणार आहेत.’

आता तुझं. इथे मंडळं एकमेकांशी टपालाने सामने खेळतात. आपापल्या रेंजवर मारायचं आणि कार्डं पाकिटात घालून पाठवायची. फ्राउ डोर्ननी विचारलं, दुसरं जॅकेट कोणत्या मंडळाकडून खेळतं? मी म्हटलं, मिरज. सोबत दहा कार्डं आहेत, प्रत्येकावर एक छर्रा. क्रीडादिनाला हीच लाव. घाई करू नकोस, बोट सगळ्यात शेवटी शिकतं.

तुझी,
क्षितिजा


मिरज,
१९ डिसेंबर २००५

चि. क्षितिजा,

कार्डं सोबत आहेत. मोजून घे. नऊ काळ्यात, सातवा बाहेर. सातव्याच्या वेळी मला वाटलं कुणीतरी ओरडेल, ‘उजव्या हाताने!’

जॅकेट घालून उभी राहिले आणि छर्रे मारायच्या आधीच मुलींना डोळ्याचं सांगून टाकलं. मुख्याध्यापिकाही ऐकत होत्या. दहा म्हणजे दहा, माझा शब्द होता. सोमवारी मी नारळ विकत घेतला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो हातात धरला, कानाशी नेऊन हलवला, आत पाणी आहे का बघितलं. मग म्हणाल्या, ‘बाई, त्या चार डाव्या मुलींना कोण शिकवणार? मी विचारलं सगळीकडे. जिल्ह्यात डावी शिक्षिका एकच आहे.’

त्यांनी कुणाला तरी पाठवून सगळ्या मुली रेंजवर गोळा केल्या. नारळ मला दिला नाही. उभं राहण्याच्या रेषेवर दगड ठेवून त्यांनी तो माझ्या हातून फोडून घेतला.

तुझ्या वाटणीचं खोबरं मी खाल्लं. उजव्या हाताने.

आत्या